दाराला लावलेलं पाणी

मला डेंगू झाला होता हे सांगताना अजूनही थोडी लाज वाटते. आमच्या भागात कुणी सांगतं, तर काहीतरी मोठं सांगतं. बिबट्या आडवा आला, गाडी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. ऐकणारा चहाचा कप खाली ठेवून ऐकतो. मी डेंगू म्हटलं की समोरचा म्हणतो, "हां, पेशी कमी व्हतात, तेच ना?" आणि पपईच्या पाल्याचा रस कसा काढायचा ते सांगायला लागतो.

म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात आत्ता कुणी तापानं पडलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात अजून कुणी पडलेलं नाही त्यांच्यासाठी जास्त. यात औषधाचं ज्ञान नाही, ते डॉक्टरांना विचारा. आमच्या घरात काय घडलं एवढंच मी सांगणार आहे. सांगताना राग येईल, तो आवरायचं मी कबूल करत नाही.

अडसर

आमची वस्ती पारगावच्या बाजूला, उसात. घरात आम्ही तिघं. मी, माझे मालक बाळासाहेब आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी लग्नापासून आत्या म्हणत आले. मुलगा पुण्याला शिकतो.

गेल्या दिवाळीच्या आधी मागच्या दाराशी बांधलेला आमचा कुत्रा बिबट्यानं नेला. कुत्र्याचं नाव टायगर होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. आत्या त्या वेळी दाराच्या आतल्या बाजूला झोपल्या होत्या. साखळी ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला, नंतर दारावर नखं ओढल्याचा. दार जुनं, खालून कुजलेलं, कडी वाकलेली. आत्यांनी पाठ लावून ते दार दाबून धरलं आणि ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं.

बिबट्या आमच्याकडे गोष्टीतला नाही. तालुक्यात माणसं गेलेली आहेत. शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसायच्या. तेव्हा आत्यांच्या भीतीला मी हसत नाही, तेव्हाही हसले नव्हते.

बाळासाहेबांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. टोमॅटोवर फवारणीचं औषध कालवायचे दोन निळे ड्रम पडून होते. ते धुतले, वरची तोंडं कापली, मागच्या दाराला आतून चिकटवून उभे केले आणि पाइप सोडून काठोकाठ भरले. भरलेला ड्रम दोन गडी लावूनही हलत नाही. दार कायमचं बंद झालं आणि आत्यांना झोप लागायला लागली. हाच तोडगा पुढं वस्तीवरच्या आणखी घरांनी उचलला. आमच्या ह्यांना त्याचं कौतुक होतं.

ते पाणी कुणी पीत नव्हतं, त्यानं कुणी भांडी घासत नव्हतं. ते वजन होतं. थोडं आटलं की आत्या वरून भर घालायच्या, बस्स. वर एक गोणपाट टाकलेलं असायचं. आम्ही त्याला ड्रमसुद्धा म्हणत नव्हतो, अडसर म्हणायचो. "अडसर भरलाय ना गं?" असं आत्या झोपायच्या आधी विचारायच्या.

पावसाळ्यात आशाताई घरोघर विचारत आल्या, "पाणी साठवून ठेवलंय का कुठं?" आत्या म्हणाल्या, "नाय बाई. नळ हाय. वरच्या टाकीला झाकण हाय. बघा की." आशाताईंनी माठ बघितला, फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला, तुळशीजवळच्या कुंड्या बघितल्या आणि दारावर खूण करून गेल्या. आत्या खोटं बोलल्या नाहीत. शेजारी मी उभी होते, माझ्याही डोक्यात ते ड्रम आले नाहीत.

त्याच मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं. रात्रीच्या डासांचा बंदोबस्त आम्ही चोख ठेवला होता. मच्छरदाणी, कॉइल, चटचट आवाज करणारी बॅट, सगळं. दिवसा कोण बघतं? ब्लाउज शिवताना डास घोट्याला चावायचे. मी एक पाय दुसऱ्यावर घासायचे आणि पायडल मारायचे.

ताप

गौरी जेवायच्या दिवशी ताप आला. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, सवाष्णी. अंग दुखत होतं, पण त्या दिवशी कोणत्या बाईचं अंग दुखत नाही? मी गोळी घेतली आणि पुरण वाटलं. संध्याकाळी डोळ्यांच्या मागे असं दुखायला लागलं की नजर इकडून तिकडे फिरवता येईना. पाटावर बसलेल्या सवाष्णीला मी "वाढू का?" विचारलं आणि तिथंच खाली बसले.

गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हटलं. सुई टोचली. एक दिवस बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी हाडं कुणी खलबत्त्यात घालून कुटल्यासारखी झाली. बाळासाहेब म्हणाले, "लई दगदग झाली तुझी. गणपती उठले की बरं वाटंल." गणपती उठले, मी काही उठले नाही. अंगावर लाल पुरळ दिसलं तेव्हा माझा भाऊ मंचरहून गाडी घेऊन आला. त्यानं मला उचलून गाडीत घातलं.

मंचरच्या एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होते, कागद बघत म्हणाले, "डेंगू आहे. ॲडमिट करावं लागेल." मी त्यांना काय विचारलं असेल? "संध्याकाळी म्हशींची धार कोण काढणार?" त्यांनी कागदावरून मान वर केली आणि खाट तयार करायला सांगितली.

त्या दिवसाचं एक लक्षात आहे. मला मरणाची भीती वाटली नाही, ती नंतर वाटली. आधी शरमच वाटली. आम्ही काय घाणीत राहतो का, असं लोक म्हणतील. माझं घर रोज सारवल्यासारखं लखलखीत असतं.

पेशींचा भाव

दवाखान्यातला दिवस रक्त काढण्यानं सुरू व्हायचा. मग पेशींची वाट बघणं. पाहुणे यायचे ते नारायणगावच्या मार्केटमध्ये टोमॅटोचा भाव विचारावा तसं विचारायचे, "आज काय निघाल्या पेशी? काल काय व्हत्या?" वाढल्या की त्यांचे चेहरे फुलायचे, उतरल्या की ते बाहेर जाऊन फोन लावायचे. "तुला कसं वाटतंय?" हे विचारणारं माणूस विरळा.

कुणी किवी आणली, कुणी शेळीचं दूध, कुणी पपईचा रस. तो रस प्यायले आणि ओकले, तर आणणाऱ्या चुलतसासू रुसल्या. आजाऱ्यानं सगळ्यांची मनं राखायची असतात हे मला तिथं कळलं.

हिरड्यांतून रक्त आलं त्या दिवशी मी खरी घाबरले. आरशात दात लाल दिसले. बाळासाहेब बाकड्यावर बसल्या बसल्या झोपले होते. त्यांना उठवावं असं वाटलं आणि उठवलं नाही. मुलगा पुण्याहून येतो म्हणत होता, त्याला मी परीक्षेचं कारण सांगून थांबवलं. मग चादर तोंडावर घेऊन रडले.

चांगलंही सांगते, नाहीतर पाप लागेल. तिथली एक सिस्टर होती. केसांचा गुंता झालेला बघून ती ड्यूटी संपल्यावर माझ्या खाटेवर बसली आणि हळूहळू विंचरून तिनं माझी वेणी घातली. वेणी घालताना म्हणाली, "ताई, घरात कुठं पाणी साठवता का हो?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बघा बरं आठवून. हा डास घरातच असतो, चांगल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो."

दिवसा म्हटल्यावर मला माझे घोटे आठवले. मग मशीन आठवलं. मशीनच्या मागं काय आहे ते आठवलं, तेव्हा अर्धी वेणी हातातून सोडवून मी उठून बसले.

बाळासाहेबांना उठवून सांगितलं, ते ड्रम आजच्या आज रिकामे करा. ते म्हणाले, "ते व्हय? ते तर अडसराचं पाणी." "पाणीच ना पण?" "बघतो," म्हणाले. "आई एकटी हाय घरी. तिला झोप नाय लागायची."

सुट्टी देताना डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं, "हा दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. घरात डास होणार नाहीत एवढं सांभाळा." ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान फार सहज डोलते.

घरी

घरी आले तेव्हा आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझे पाय धुतले, मुगाची पातळ खिचडी केली. माझ्या पायांना खोबरेल चोळत बसल्या. मी उठले आणि भिंतीला धरून मागच्या खोलीत गेले. ड्रम होते तिथंच होते. गोणपाट उचललं. पाण्यात करंगळीच्या नखाहूनही बारीक अळ्या, शेपटी वर करून टांगलेल्या. हलल्याबरोबर सगळ्या वळवळत खाली गेल्या. मला दवाखान्यात जाऊन बरे दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत कुणी एक बादली पाणी सांडलं नव्हतं.

मी बाळासाहेबांना काय म्हणाले ते लिहीत नाही. ते म्हणाले, "अगं, ऊस तुटला की काढू. ऊस तुटला की बिबट्या लांब जातोय. कारखाना आता सुरूच व्हईल."

"वाळू भरा त्यात. पाण्याऐवजी वाळू. वजन तेवढंच."

"व्हय, ते बेस्ट हाय," ते म्हणाले. "उद्या आणतो."

तो उद्या कुठं गेला ते मला माहीत नाही. उद्या म्हशीला डॉक्टर होता, परवा कांद्याची रोपं टाकायची होती, नंतर ट्रॅक्टरवाला फोन उचलत नव्हता. आळशी माणूस नाही, दिवसभर राबतो. पण डासासाठी वाळू आणायला जायचं म्हणजे त्याला जरा बायकी काम वाटत असावं. बिबट्या असता तर हाच माणूस काठी घेऊन पळाला असता.

शेवटी मीच लागले. अंगात त्राण नव्हतं, सांधे धरलेले, केस मुठीनं गळत होते. तांब्यातांब्यानं पाणी बादलीत काढायचं, बादली अर्धी झाली की न्हाणीपर्यंत ओढत न्यायची. दुपारपर्यंत एक ड्रम वीतभर खाली गेला आणि मी मशीनच्या खुर्चीवर बसून धापा टाकायला लागले. आत्या शेळ्यांना पाला घालून आल्या, त्यांनी ड्रम बघितला. बाहेर निघून गेल्या. मी पडले होते तेव्हा पाइपचा आवाज आला. उठून बघितलं, तर त्यांनी पुन्हा काठोकाठ भरला होता.

"आत्या, ह्या पाण्यानं मी मरता मरता वाचले!"

"आन् मी?" त्या म्हणाल्या. "तू तिकडं दवाखान्यात व्हतीस, तुझ्यापाशी माणसं व्हती. मी हितं एकटी व्हते. ते दाराशी आलं व्हतं ते तुला न्हाई ठावं. माझ्या पाठीला लागलं व्हतं गं ते दार, ह्या पाठीला. त्याचा दम मला ऐकू येत व्हता. डास चावला तर दवाखाना हाय. त्यानं धरलं तर काय हाय?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण ज्या हातांनी पाइप धरला होता, त्याच हातांनी त्या रोज माझे पाय चोळत होत्या. मी फक्त म्हणाले, "मला दुसऱ्यांदा झाला तर?" त्या म्हणाल्या, "तू त्या खोलीत जाऊच नको. मशीन पुढं घेऊ." आणि खरंच त्यांनी ते मशीन एकटीनं ओढत पुढच्या पडवीत आणलं. त्यांची खाट मात्र मागच्याच खोलीत राहिली.

आम्ही सगळे मलाच जपत होतो, हे आता लक्षात येतं. मला दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून बाजूला काढलं. आत्यांना पहिल्यांदा होऊ शकतो हे कुणाच्या मनातच आलं नाही.

आत्या

त्यांचा ताप त्यांनी लपवला. तीन वेळा चहा घेणारी बाई चहा नको म्हणाली तेव्हा मी कपाळाला हात लावला, तर हात भाजला. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, "मी गेल्यावर दार कोण बघंल?" बाळासाहेब गोळ्या घेऊन आले. मी भांडले, रडले, भावाला फोन केला. तो यायच्या आतच आत्यांचा ताप उतरला. अंगाला घाम सुटला. त्या उठून बसल्या, थोडा भात खाल्ला. हे मला म्हणाले, "बघ, तू उगाच घाबरवतीस." मलाही हायसं वाटलं. भावाला फोन करून सांगितलं, येऊ नको.

वाचणाऱ्यांनो, हे एक नीट वाचा. ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं की, ताप उतरतो तेव्हाच डोळ्यात तेल घालून बसायचं असतं. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर एक घटका घरी थांबू नका. आत्यांचे पाय गार पडले होते. मी त्यांच्या पायात मोजे घातले आणि वरून गोधडी टाकली.

मंचरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच वॉर्डात, त्याच सिस्टरनं त्यांना सलाइन लावलं. आत्या मला म्हणाल्या, "अडसर भरलाय ना गं?" मी म्हटलं, "भरलाय." त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं एवढंच.

कोणता डास कोणत्या पाण्यातून आला, कुणाला चावून कुणाला चावला, हे कुणी सांगू शकत नाही. आमच्याकडे बिबट्यानं शेळी नेली तर पंचनामा होतो. माणसं येतात, ठसे बघतात, फोटो काढतात. डासाला पंचनामा नाही. मयताला आलेला एक भावकीतला माणूस अंगणात खुर्चीवर बसून सरळ म्हणाला, "वाघानं नेलं असतं तर सरकारनं तरी बघितलं असतं, राव." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी आतून ऐकत होते. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं वाटलं, आणि तो चुकीचं बोलत नव्हता म्हणून जास्त वाटलं.

पुरुष माणसं आत्यांना पोहोचवून परत आली तेव्हा लाइट गेलेली होती. मोटार बंद, टाकी पाहुण्यांनी सकाळीच संपवलेली. स्मशानातून आलेल्या माणसांना पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. अंगणात एवढी माणसं उभी आणि घरात प्यायचा माठ सोडून थेंब नाही. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, मागं ड्रम भरलेत की!"

बाया बादल्या घेऊन मागच्या खोलीत गेल्या. आत्यांची खाट कुणीतरी बाजूला उभी केली होती. बादल्या भरभरून पुढं येऊ लागल्या. माणसं एकामागून एक पायांवर पाणी घेत होती, चूळ न भरता नुसते पाय धुवून आत जात होती. बघता बघता दोन्ही ड्रम खडखडीत झाले. एवढे दिवस ज्याला वेळ मिळाला नाही, ते काम शेजारणीच्या चुलीवरचा चहा उकळायच्या आत झालं.

बाळासाहेब सगळ्यात शेवटी राहिले होते. मुंडण केलेलं डोकं, अंगावर ओला पंचा. त्यांच्यासाठी तळातलं पाणी उरलं होतं. त्यांनी बादली वाकडी केली आणि तसेच थांबले. मग वाकून बादलीत बघत राहिले.

"वैशाली," ते म्हणाले, "ह्यात अळ्या हाईत गं."

"हाईत," मी म्हटलं. "धुवा पाय."